स्विमिंग पूलचं अर्थिंग आणि बाँडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मार्च लागला की मला फोन सुरू होतात. हिंगणा, काटोल रोड, उमरेड रोडकडचे फार्महाऊसवाले, बेसा-मनीषनगरच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी, लग्नाच्या लॉनचे मालक, आणि प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून इथं एकदाच लिहून टाकतो. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा विषय निघाला तर तो नंबर बघा. आकडे कुठले हेही सांगून ठेवतो, आपल्याकडे वायरिंगसाठी आयएस (भारतीय मानक) ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आहे, पूलच्या झोनचे (काठापासून किती अंतरात काय चालते, १२ बघा) आकडे आयईसी (आंतरराष्ट्रीय मानक) ६०३६४ च्या ७०२ नंबरच्या भागातले आहेत, आणि जिथं "अमेरिकन कोड" लिहिलंय तिथं त्यांच्या कोडचं ६८० नंबरचं प्रकरण समजा, बाँडिंगबद्दल त्यात सगळ्यात फोड करून लिहिलंय म्हणून.

१. भाऊ, अर्थिंग तर केलेलंच आहे, मग हे बाँडिंग वेगळं काय असतं?

अर्थिंग म्हणजे पंपाची बॉडी, पॅनलचा डबा वगैरे अर्थच्या तारेनं जमिनीशी जोडणं, फॉल्ट झाला तर करंटला जायला वाट पाहिजे आणि ब्रेकर उडायला पाहिजे म्हणून. बाँडिंग म्हणजे पूलच्या आसपास हातापायाला लागणारं जेवढं धातूचं आहे, शिडी, रेलिंग, लाइटचा डबा, आतली सळई, पंप, लोखंडी पाइप आणि पाणीसुद्धा, हे सगळं आपसात तांब्यानं बांधून टाकणं.

शॉक लागतो तो दोन जागांमधल्या व्होल्टेजच्या फरकानं. अंग पाण्यात आणि हात शिडीवर, दोन्हीत फरक असला की करंट तुमच्यातून जाणार. फरकच राहू द्यायचा नाही, हे बाँडिंगचं काम. लोकं अर्थिंगच्या खड्ड्यावर पैसे ओततात आणि बाँडिंगची तार टाकतच नाहीत, माझ्या मते पूलमध्ये पहिला पैसा तारेवर जायला पाहिजे.

२. पाच-दहा व्होल्टानं काय होते? आपल्याकडं तर दर उन्हाळ्यात कूलरचा झटका खाऊन लोकं उभे राहतात.

कूलरच्या झटक्यानं लोकं मरतातही, दर उन्हाळ्यात बातम्या येतात, तर हा युक्तिवाद तिथंच संपला. पण पूलचं गणित अजून वाईट आहे. कोरड्या हाताच्या माणसाच्या अंगाचा रेझिस्टन्स काही हजार ओहम असतो, पूर्ण भिजलेल्या, पाण्यात बुडालेल्या माणसाचा काहीशे ओहमवर येतो. ५०० ओहम धरले तर १० व्होल्टाला २० मिलीअँप झाले. साधारण १० मिलीअँपच्या पुढं स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. जमिनीवर एवढ्यानं माणूस पडेल, ओरडेल, सुटेलही. पाण्यात हृदय बंद पडायची गरजच नाही, हातपाय चालले नाही की माणूस आवाज न करता खाली जातो, आणि बाहेरच्यांना वाटते पोहता येत नव्हतं म्हणून बुडाला.

३. अर्थिंगचा खड्डा अजून खोल केला, मीठ-कोळसा भरपूर टाकला, तर चालून जाईल ना?

नाही. गणित करून बघा. समजा तुमचा खड्डा एकदम चांगला आहे, ५ ओहम, आणि ट्रान्सफॉर्मरकडून अर्थची वेगळी तार येत नाही. पंपाच्या बॉडीला फेज लागला तर जास्तीत जास्त २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहणार, ट्रान्सफॉर्मरच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स धरला तर अजून कमी. पंपाला ३२ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी (करंट जास्त झाला की उडणारा ब्रेकर) असला तर त्याला ताबडतोब उडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात, ४६ वर तो तासभर सुद्धा बसून राहू शकतो. आणि तेवढा वेळ पंपाच्या बॉडीवर, म्हणजे तिला जोडलेल्या प्रत्येक पाइपवर, शे-दीडशे व्होल्ट.

म्हणून खड्ड्याच्या जोडीला ३० मिलीअँपची आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसला, म्हणजे गळती झाली की उडणारा स्विच) लागतेच. तिच्यासाठी खड्डा ५० ओहमचा असला तरी फॉल्टला ती उडेल.

याचा अर्थ खड्डा कसाही चालतो असं नाही. आपल्याकडं काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात, खड्डा कोरडा पडतो, हिंगण्याकडं तर थोडं खोदलं की मुरूम आणि कातळच लागतो. ऑगस्टमध्ये मोजलेला ३ ओहमचा रिपोर्ट नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) खोटा ठरतो. मोजायचं तर मे महिन्यात मोजा, खड्ड्यात पाणी न टाकता मोजा, ठेकेदार बादली घेऊन आधी खड्डा भिजवत असला तर त्याला थांबवा.

४. आरसीसीबी कोणती घ्यायची?

३० मिलीअँपची. दुकानात १०० आणि ३०० वाल्याही असतात, त्या आगीपासून बचावासाठी, माणसासाठी नाही. पूलच्या लाइटला वेगळी, पंपाला वेगळी, सॉकेटला वेगळी लावा, एक उडाली तर सगळं अंधारात जात नाही आणि फॉल्ट कुठं आहे हेही कळते. आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही, म्हणून तिच्यासोबत एमसीबी पाहिजेच, किंवा दोन्ही एकात असलेली आरसीबीओ घ्या.

पंपाला स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह असला तर साधी एसी टाइप चालत नाही, ड्राइव्हमधून येणारा डीसीचा भाग तिला आंधळं करतो. सिंगल फेज ड्राइव्हला किमान ए किंवा एफ टाइप, थ्री फेज ड्राइव्हला बी टाइप. बी टाइप महाग पडते, तिथं लोकं कुरकुर करतात, मी काय सांगू, ड्राइव्ह घेताना विचारायचं होतं.

५. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं की ती उडते, म्हणजे अर्थिंग ठीक आहे ना?

काहीच संबंध नाही. ते बटण आतल्या आत फेज-न्यूट्रलमध्ये एका रेझिस्टरमधून थोडा करंट वळवते आणि मशीन उडते का एवढंच बघते. अर्थची तार कापून फेकली तरी बटणानं ती उडणारच. अर्थ नसला तर आरसीसीबी उडते ती माणूस चिकटल्यावर, कारण गळतीला जायला पहिली वाट तोच असतो. अर्थ असला तर फॉल्ट झाल्याबरोबर उडते, कोणी हात लावायच्या आधी. फरक एवढाच, पण पूलमध्ये तोच सगळा आहे. बटण महिन्यातून एकदा दाबाच. अर्थ आणि बाँडिंग कसं तपासायचं ते १५ मध्ये.

६. पाऊस आला की आरसीसीबी उडते, इलेक्ट्रिशियन म्हणतो काढून टाकू.

इलेक्ट्रिशियन बदला. पावसात उडते म्हणजे कुठंतरी पाणी शिरून राहिलं, बहुतेक वेळा गार्डन लाइटचा जोड, नाहीतर जमिनीतल्या पाइपात टेप गुंडाळून मारलेला जॉइंट. एकेक सर्किट काढून ५०० व्होल्टचा मेगर (तारेचं इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावा, १ मेगाओहमच्या खाली जे येईल तोच चोर. एक दुसरंही कारण असते, दोन आरसीसीबींच्या पुढचे न्यूट्रल कोणीतरी एकत्र बांधलेले असतात, मग पाऊस असो नसो, दुसऱ्या सर्किटवर लोड आला की पहिली उडते.

७. नेमकं काय काय जोडायचं? यादी द्या.

सगळ्यात आधी पूलच्या काँक्रीटमधली सळई. बांधतानाच एका सळईला क्लँप मारून तांब्याची तार वर काढून ठेवायची, शक्यतो समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून. सळया बाइंडिंग वायरनं बांधलेल्या असल्या की त्या आपसात जोडलेल्याच धरतात. पण सळईला इपॉक्सीचा लेप असला तर ती धरायची नाही, मग तांब्याची वेगळी जाळी लागते.

मग शिडी आणि हँडरेल, त्याचे जमिनीतले सॉकेट. पाण्यातल्या लाइटचा धातूचा डबा. पंपाची मोटर, आणि इथं लोकं फसतात, पंप प्लास्टिकचा दिसतो पण मोटरची बॉडी धातूची असते, बाँडिंगचा स्क्रू तिच्यावरच असतो. फिल्टर धातूचा असला तर तो, हीटर, हीट पंप, लोखंडी पाइप, ऑटो-फिलची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) लाइन, शॉवरचा पाइप, जवळचं लोखंडी कुंपण, छत्रीचा जमिनीत गाडलेला दांडा.

किती लांबपर्यंत? आयईसीच्या हिशोबानं झोन दोनपर्यंत, म्हणजे काठापासून साडेतीन मीटर. अमेरिकन कोड दीड मीटरवर थांबतो. मी साडेतीन धरतो, आपल्याकडं लोकं शॉवरपासून पूलपर्यंत ओलेच पळतात.

सोडून द्यायच्या गोष्टी: १०० मिमीपेक्षा छोटे तुकडे, स्क्रू, ड्रेनची जाळी वगैरे. आणि हलत्या खुर्च्या.

८. तार कोणती, किती मिमीची?

अमेरिकन कोड ८ नंबर गेजची भरीव तांब्याची तार मागतो, ती ८.३७ चौरस मिमी होते. आपल्या बाजारात त्याच्या वरची १० ची मिळते, तीच घ्या. आयईसीच्या हिशोबानं संरक्षण नसलेल्या ठिकाणी जादाच्या बाँडिंगला ४ चौरस मिमी तांबं सुद्धा चालते, पण जमिनीत, क्लोरीनच्या पाण्यात, काळ्या मातीच्या ओढाताणीत ४ ची तार किती टिकेल, तुम्हीच सांगा.

जीआय पट्टीबद्दल खूप जण विचारतात, स्वस्त पडते म्हणून. खड्ड्यापासून पॅनलपर्यंत पट्टी ठीक आहे. पूलभोवती नको, जस्त निघालं की गंज धरते, आणि तांबं-जीआयचा सरळ जोड ओल्या मातीत ठेवला तर जीआयच आधी खपते. जोड पितळेच्या किंवा ३१६ ग्रेड स्टेनलेसच्या क्लँपनं करा, पिळ मारून टेप लावलेला जोड म्हणजे जोड नाही. कोपऱ्यांवर तार थोडी सैल सोडा, माती फुगली-आखडली की ताणून तुटत नाही.

९. टाइल्सच्या खाली पण तार टाकायची म्हणतात, ते कशाला?

पूलमधून बाहेर निघताना एक पाय फरशीवर आणि हात पाण्यात, हा क्षण सगळ्यात धोक्याचा. शिडी-पाणी बांधलं पण फरशीखालची जमीन वेगळ्या व्होल्टेजवर राहिली तर फरक तिथं मिळतो. म्हणून काठाच्या भोवती १ मीटरची पट्टी सुद्धा जोडायची. डेकच्या काँक्रीटमध्ये सळई किंवा वेल्डमेश असली तर तिला जोडा. नसली तर तांब्याची एक रिंग, आतल्या भिंतीपासून ४५ ते ६० सेंमीवर, डेकच्या खालच्या थरात १० ते १५ सेंमी खोल, आणि चार ठिकाणी पूलच्या सळईला बांधलेली.

खर्चाचं भूत मोठं करून सांगतात म्हणून हिशोब देतो. ८ बाय ४ मीटरचा पूल, रिंग अर्धा मीटर बाहेर, म्हणजे ९ बाय ५, एकूण २८ मीटर. १० चौरस मिमीची तार असली तर वजन अडीच किलो तांबं. काठाच्या ग्रॅनाइटच्या बिलाशेजारी हे ठेवून बघा.

१०. बाँडिंगला वेगळा खड्डा काढायचा का? आमचा ठेकेदार म्हणतो पूलचं अर्थ घराच्या अर्थपासून वेगळं पाहिजे.

उलटं आहे. वेगळा खड्डा काढून एकमेकांना जोडला नाही तर तुम्ही एकाच आवारात दोन वेगळ्या व्होल्टेजच्या जमिनी तयार केल्या. पंपाची बॉडी घराच्या अर्थवर, शिडी पूलच्या अर्थवर, फॉल्ट झाला की दोघांत फरक. बाँडिंगची तार पंपरूममधल्या अर्थ बारवर (सगळ्या अर्थच्या तारा जिथं जुळतात ती पट्टी) आणा आणि तो बार मेन पॅनलच्या अर्थला जोडा. जादा खड्डे मारायचे असले तर मारा, पण सगळे त्याच बारवर. अमेरिकन कोडमध्ये तर बाँडिंग खड्ड्यापर्यंत न्यायची सक्तीच नाही, काम जमिनीत करंट सोडायचं नाहीच आहे, सगळं एका पातळीवर ठेवायचं आहे.

११. आमचा पूल फायबरचा आहे, सळईच नाही. मग तर करंट येणारच नाही ना?

फायबर किंवा लायनरच्या पूलमध्ये भिंत करंट नेत नाही, पण पाणी नेतेच, आणि पाण्याला बांधायला काही नसते म्हणून हा प्रकार जास्त लक्ष मागतो. पाण्याला धातूचा स्पर्श पाहिजे, अमेरिकन कोड किमान ९ चौरस इंच म्हणतो, म्हणजे साधारण ५८ चौरस सेंमी. पाण्यात बुडालेली स्टेनलेसची शिडी बाँड केलेली असली तर तेवढ्यात भागते. नसली तर स्किमरमध्ये (पाण्यावरचा कचरा ओढणारा काठातला डबा) किंवा पाइपलाइनमध्ये बसणारी बाँडिंग फिटिंग येते. काठाची रिंग इथं लागतेच, ९ बघा.

१२. पंप, बोर्ड, सॉकेट पूलपासून किती लांब ठेवायचे?

झोन शून्य म्हणजे पाण्याची आतली जागा. झोन एक काठापासून २ मीटर आणि अडीच मीटर उंचीपर्यंत. झोन दोन त्याच्या पुढं दीड मीटर. झोन एकमध्ये सॉकेट, स्विच नको. झोन दोनमध्ये सॉकेट लावायचाच तर ३० मिलीअँपच्या मागं. सोपं सांगतो, साडेतीन मीटर सोडा आणि डोकं शांत ठेवा. मधात पक्की भिंत असली तर झोन भिंतीशी थांबतो, म्हणून भिंतीपलीकडची पंपरूम चालते.

पंपरूमबद्दल एक, क्लोरीनचे डबे आणि ॲसिडचे कॅन पॅनलच्या खाली ठेवू नका. वाफेनं तांब्याचे टर्मिनल हिरवे होतात, अर्थ बारचे नट खातात, आणि वरून सगळं जोडलेलं दिसते.

१३. पाण्यातले लाइट १२ व्होल्टचेच का? २३० चे स्वस्त मिळून राहिले.

कारण काच फुटली, सील गेलं की आतलं व्होल्टेज पाण्यात उतरते. आयईसी झोन शून्यमध्ये १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसीच्या वर जाऊ देत नाही, आणि लाइट आयपीएक्स८ (सतत पाण्यात बुडून चालणाऱ्या) दर्जाचा मागते.

ट्रान्सफॉर्मर सेफ्टी आयसोलेटिंग पाहिजे, प्रायमरी (२३० ची बाजू) आणि सेकंडरी (१२ ची बाजू) पूर्ण वेगळ्या असलेला, आणि झोनच्या बाहेर ठेवलेला. एलईडी पट्टीसोबत मिळणारा स्वस्तातला पत्र्याचा अडॅप्टर नको, त्यात बिघाड झाला तर २३० सरळ पलीकडं जाऊ शकते.

लांब ठेवला की लाइट मंद होतो ही तक्रार खरी आहे. जुना १०० वॉटचा हॅलोजन १२ व्होल्टवर ८.३ अँपिअर घेतो, २० मीटरवर अडीच चौरस मिमीची केबल टाकली तर अडीच व्होल्ट केबलमध्येच जातात, पिवळा पडणारच. त्यावर उपाय म्हणून ट्रान्सफॉर्मर काठावरच्या चेंबरमध्ये आणून ठेवणारे बघितलेत, हे करू नका. ६ ची केबल टाका, घट एक व्होल्टावर येते. नाहीतर १८ वॉटचा एलईडी लावा, दीड अँपिअर, अडीचच्या केबलमध्ये अर्धा व्होल्टही जात नाही.

१४. मग त्या १२ व्होल्टच्या एका तारेला अर्थ द्यायचं का, सेफ्टीसाठी?

नाही द्यायचं. सेकंडरी जमिनीपासून सुटी आहे म्हणूनच ती सुरक्षित आहे. अर्थ दिलं की बाहेरचा फॉल्ट अर्थच्या तारेनं लाइटपर्यंत यायला वाट मिळते. लाइटचा बाहेरचा धातूचा डबा मात्र बाँड करायचा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, साइटवर याचीच सगळ्यात जास्त गफलत होते.

१५. बाँडिंग बरोबर आहे हे कसं तपासायचं? टेस्टर लावला तर काहीच दाखवत नाही.

निऑन टेस्टर खिशात ठेवा. दहा-वीस व्होल्टला तो पेटत नाही, आणि पाण्यात मारायला तेवढं पुरते. साधा डिजिटल मीटरही उलट्या बाजूनं फसवतो, शेजारच्या केबलमुळं भुताचं व्होल्टेज दाखवतो.

नीट पद्धत अशी, २०० मिलीअँप सोडणारा लो-ओहम मीटर घ्यायचा, एक टोक अर्थ बारवर आणि दुसऱ्यानं शिडी, लाइटचा डबा, रेलिंग, मोटर एकेक बघत जायचं. २८ मीटर १० ची तार म्हणजे ०.०५ ओहम होतात, मग अर्ध्या ओहमच्या वर काही आलं तर एखादा जोड ढिला आहे एवढं नक्की. दर वर्षी पूल सुरू करायच्या आधी करा. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि आकडे लिहिलेला टेस्ट रिपोर्ट मागा, नुसतं "ओके" लिहिलेला कागद घेऊ नका.

१६. शिडीला हात लावला की मुंग्या येतात. मेन बंद केला तरी येतात, असं काऊन?

आधी सगळ्यांना बाहेर काढा, आणि शिडीनं नाही, दुसऱ्या काठानं. मग विचार.

मेन बंद करून मुंग्या थांबल्या तर फॉल्ट तुमच्या घरात. थांबल्या नाहीत तर व्होल्टेज बाहेरून येऊन राहिलं. फार्महाऊसवर पहिली शंका बोअरच्या मोटरवर घ्या, कारण तिचं कृषी कनेक्शन बहुतेक वेगळं असते, घराचा मेन बंद केला तरी ती चालूच, आणि तिची जीआय लाइन पूल भरायला सरळ आणून सोडलेली. दुसरं, कोणीतरी घराच्या पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना बांधून ठेवलेले असतात, मग लाइनचा न्यूट्रल ढिला झाला की त्याच्यावर चढलेलं व्होल्टेज अर्थच्या तारेनं शिडीवर. सिंगल पोल एमसीबीनं फक्त फेज तुटतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून मेन बंद करून फायदा दिसत नाही. तिसरं, शेजारच्या आवारातला फॉल्ट जमिनीतून.

या बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजवर तुमची आरसीसीबी उडत नाही, तो करंट तिच्यातून जातच नाही. इथं वाचवते ते फक्त बाँडिंग. न्यूट्रलची शंका असली, म्हणजे घरात लाइट कमी-जास्त होत असले, तर महावितरणला १९१२ वर सांगा. तोपर्यंत पूल बंद.

१७. कोणी पाण्यात आखडलेला दिसला तर काय करायचं?

उडी मारायची नाही, पाण्यातल्या बाकीच्यांना त्याच्याकडं जाऊ द्यायचं नाही. आधी मेन बंद, फार्महाऊसवर बोअरचा स्टार्टरही. मग कोरड्या बांबूनं किंवा फायबरच्या हुकनं काठाला ओढा, ॲल्युमिनियमच्या दांड्यानं नाही. श्वास नसला तर लगेच सीपीआर, कोणीतरी १०८ लावा. मेनचा स्विच कुठं आहे हे चौकीदाराला माहीत पाहिजे, त्याच्या खोलीत चावीनं बंद नको.

१८. पूल जुना आहे, फोडाफोड करायची नाही. काय होऊ शकते?

बरंच होते. पहिल्या दिवशी ३० मिलीअँप आरसीसीबी. मग २३० चे लाइट काढून १२ चे. मग दिसणारं जेवढं धातूचं आहे ते आपसात आणि अर्थ बारला, तार डेकच्या सांध्यात कटरनं खाच मारून बसवता येते. पाण्यासाठी स्किमरमधली फिटिंग, ११ बघा. सळईला पोचायला लाइटच्या डब्यामागं किंवा बॅलन्स टँकमध्ये कधीकधी टोक सापडते. काठाची रिंग राहते, ती पुढच्या वेळी टाइल्स बदलाल तेव्हा, तेव्हा मात्र विसरायचं नाही.

१९. गच्चीवरच्या पूलला जमीनच नाही, मग?

बिल्डिंगची सळई, लिफ्टचं स्ट्रक्चर, पाण्याच्या जीआय लाइन, हेच तुमचं आवार. पूलची सळई स्लॅबच्या सळईला, रेलिंग, आणि सगळं त्या मजल्याच्या अर्थ बारला. आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरची पट्टी जवळून जात असली तर ती सुटी ठेवायची की जोडायची हे डिझाइन करणाऱ्याकडून लिहून घ्या, मनानं काही करू नका.

२०. लाइट गेली की जनरेटरवर पूल चालवतो, तेव्हाही आरसीसीबी काम करते ना?

गॅरंटी नाही. छोट्या पोर्टेबल जनरेटरचा न्यूट्रल बहुतेक वेळा कशालाच जोडलेला नसतो. मग पहिल्या फॉल्टला करंटला परत यायला वाटच नाही आणि आरसीसीबी गप्प बसते, दुसरा फॉल्ट झाला की भडका. जनरेटरचा न्यूट्रल जनरेटरपाशीच अर्थ केलेला आहे का आणि चेंजओव्हर (लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) न्यूट्रलसकट बदलतो का, हे बघून घ्या. घरगुती इन्व्हर्टरचंही असंच, प्रत्येक मॉडेलचं वेगळं. इन्व्हर्टरवर पूलचा पंप ठेवूच नका, दोन तास फिल्टर बंद राहिला तर पाणी हिरवं होत नाही.

२१. मिठाच्या पाण्याचा पूल जास्त धोक्याचा का?

क्लोरिनेटरच्या पूलमध्ये मीठ साधारण ३००० ते ४००० पीपीएम असते, पाणी करंट चांगला नेते. गंमत अशी की कमी क्षाराच्या गोड्या पाण्यात माणसाचं अंग पाण्यापेक्षा चांगला वाहक ठरते, करंट अंगातून वाट काढतो, खारट पाण्यात तो पाण्यातूनच जास्त जातो. पण एवढ्यावरून खारा पूल सुरक्षित समजू नका, त्यात क्लँप आणि जोड लवकर खातात, १५ मधली तपासणी वर्षातून दोनदा करा.

२२. लग्नात पूलवर लाइटच्या माळा सोडतात, डीजे पण काठावर. त्यात काय लक्ष ठेवायचं?

डेकोरेशनवाल्यावर. पाण्यावरून २३० च्या माळा ओढायच्याच नाहीत, तुटली की पाण्यातच. कमी व्होल्टच्या माळा घ्या, अडॅप्टर साडेतीन मीटर मागं. मंडपाचा लोखंडी पाइप डेकवर उभा असला तर तोही बाँड करा. डीजे आणि डेकोरेशनला सप्लाय लॉनच्या आरसीसीबीमागच्या सॉकेटमधूनच द्या, सरळ बसबारला दोन नागडी टोकं खुपसून घेणारे मी बघितलेत, आणि त्याच रात्री पोट्टे पूलमध्ये उड्या मारत होते.

२३. अंगणात पोरांसाठी रबरी पूल लावतो, त्याला पण हे सगळं?

नाही, पण कूलर लांब न्या. पत्र्याचा कूलर, खिडकीतून काढलेलं एक्स्टेन्शन, खाली ओलं अंगण आणि अडीच मीटरवर पोरं, हे नागपूरच्या मे महिन्यातलं रोजचं दृश्य आहे. घराला ३० मिलीअँप आरसीसीबी पाहिजे, कूलर तीन पिनचा आणि बॉडीला अर्थ असलेला पाहिजे. पूलसोबत फिल्टरचा छोटा पंप असला तर पोरं आत असताना बंद.

२४. आकाशात गडगडायला लागलं तर? बाँडिंग आहे आमच्याकडं.

बाँडिंग विजेसाठी नाही. पहिला गडगडाट ऐकला की बाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत नाही. मान्सूनच्या आधीच्या वादळांत हे जास्त पाळा, ऊन असतानाही वीज पडू शकते.

२५. प्लॉटवरून ११ केव्हीची लाइन जाते, तिच्या खाली पूल चालेल का?

नको. तार तुटायची भीती आहेच, पण त्याहून रोजची गोष्ट म्हणजे साफसफाईचा ॲल्युमिनियमचा दांडा. तो उघडून पाच-सहा मीटर होतो, काठावर उभा माणूस तो उभा धरतो आणि वर बघतच नाही. इथं ना बाँडिंग कामाचं ना आरसीसीबी. महावितरणकडं लाइन सरकवायचा अर्ज करा किंवा पूल सरकवा, पूल सरकवणं बहुतेक लवकर होते. दोन्ही होत नसलं तर दांडा फायबरचा घ्या आणि खोदकाम सुरू करायच्या आधी लाइनपासून किती अंतर सोडायचं ते त्यांच्याकडून लेखी मागून घ्या.